सुईच तर टोचायची होती ना, सिस्टर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारता, बँकेत विचारता, परवा तर रूपाभवानीच्या देवळाबाहेर चपला काढताना एकानं गाठलं. "ओ सिस्टर, कोविडच्या लसीची सुईच तर टोचायची होती की. दातांचे डॉक्टर होते, मेडिकलवाले होते, त्यांना का लावलं नाही कामाला? तुम्ही नर्सलोकांनीच आडकाठी केली म्हणे."

म्हणे! रिटायर झाल्यावर तरी सुटेन असं वाटलं होतं.

आधी एक गोष्ट नीट आठवा. तुमच्या डोळ्यांसमोर ज्या रांगा आहेत त्या एप्रिल-मे 2021 च्या. तेव्हा टोचणारे हात कमी नव्हते, लस कमी होती. 1 मे ला 18 वर्षांवरच्यांना दार उघडलं आणि दोन आठवड्यांच्या आत राज्यानं ते थांबवून होता तो साठा 45 च्या पुढच्यांकडे वळवला. त्या महिन्यात सोलापुरातले सगळे डेंटिस्ट आणि सगळे फार्मसिस्ट आमच्या शेजारी उभे केले असते, तर लसीच्या रिकाम्या थंड डब्याभोवती, म्हणजे व्हॅक्सिन कॅरियरभोवती, गर्दी तेवढी वाढली असती. हात कमी पडले ते पुढे, लस भरपूर आल्यावर. पण तोवर भीती ओसरली होती, म्हणून ते कुणाच्या लक्षात नाही.

दुसरं, 'परवानगीच नव्हती' हेही खरं नाही. लसीकरण सुरू व्हायच्या आधी, डिसेंबर 2020 मध्येच, केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या होत्या. लस कोण टोचू शकतो त्याची यादी त्यात होती: एमबीबीएस आणि बीडीएस (म्हणजे दातांचे) डॉक्टर, स्टाफ नर्स, फार्मसिस्ट, एएनएम (गावा-वस्तीतली आरोग्यसेविका), एलएचव्ही (तिच्यावरची पर्यवेक्षिका). शिवाय ज्याला इंजेक्शन द्यायचा अधिकार आहे अशा कुणाचाही विचार करता येईल, असंही म्हटलं होतं. म्हणजे तुम्ही ज्यांची नावं घेता, ते कागदावर पहिल्या दिवसापासून होते.

ती यादी वाचून मी भडकले होते, हे मात्र खरं. तेव्हाची मी म्हणत होते, सुई आमची आहे. आज फार्मसिस्टला दिलीत, उद्या आमच्या कंत्राटी मुलींना घरी पाठवाल. या बाईला मी आज मूर्ख म्हणणार नाही. तुटपुंज्या मानधनावर, दरवर्षी 'ऑर्डर येईल का' या धास्तीत राबणाऱ्या पोरी तिनं पाहिल्या होत्या. पण तिला मी एक विचारते. पल्स पोलिओच्या रविवारी कॉलेजच्या पोरांना आणि अंगणवाडी ताईंना बूथवर बसवून थेंब पाजायला तूच शिकवलंस ना? ती म्हणते, थेंब वेगळे, सुई वेगळी. वेगळी आहे, पण किती वेगळी? दंडाचा स्नायू ओळखायचा, काटकोनात सुई घालायची, अर्धा मिली सोडायचं; एडी सिरिंज तर एकदा वापरली की स्वतःच लॉक होते. हे एका दुपारचं काम आहे. एका दुपारी येत नाही ते दुसरंच. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे अशा तऱ्हेनं विचारायचं की विड्या वळणाऱ्या मावशी खरं सांगतील. कोविशील्ड लसीची बाटली, म्हणजे व्हायल, उघडली की वेळ लिहायची, चार तासांनी उरलेली टाकायची, मग कुणी कितीही हातापाया पडो. आणि टोचल्यावर अर्धा तास माणसाकडे लक्ष ठेवायचं.

पण डेंटिस्ट? हिरडीत रोज सुई घालणाऱ्या माणसाला दंड काय अवघड? इथे ती जुनी बाई गप्प होते.

आता ऑक्टोबर 2021. राज्यानं 8 ते 14 तारखेदरम्यान 'मिशन कवच कुंडल' काढलं, दिवसाला 15 लाख डोसचं लक्ष्य. नेमकं नवरात्रात! घटस्थापनेलाच देवळं पुन्हा उघडली होती. आमचं सत्र अक्कलकोट रोडकडच्या एका वस्तीत, समाजमंदिरात. घरात यंत्रमागाचा पगार नाहीतर विड्यांची मजुरी. बोलणं तेलुगू, मराठी, कन्नड, जशी बाई येईल तसं. आमच्या एएनएमला सकाळीच ताप भरला. व्हायली आलेल्या, रांग दारापर्यंत. टोचणारी मी एकटी, आणि पडताळणीपासून निरीक्षणापर्यंत सगळीकडे मलाच हाका.

मदतीला एक डेंटिस्ट आली होती, त्याच भागात दवाखाना असलेली, तरुण, तेलुगू फर्डं बोलणारी. ती नावं लिहून घेत होती. मी एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच बघा." हे 'तुम्हीच बघा' ज्यानं सरकारी नोकरी केली त्याला कळेल. मी तिला बोलावलं, शेजारी उभं केलं, पहिल्या काहीजणी माझ्या डोळ्यांदेखत टोचायला लावल्या. हात सुरेख होता. बायका तिच्याशी बोलत होत्या, आधीची आजारपणं आपणहून सांगत होत्या. कोविन या लस नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर तिचं लॉगिन नव्हतं, नोंदी माझ्या नावावर जात होत्या. रांग भराभर सरकली.

दुपारी एक बाई लस घेऊन खुर्चीवरून उठली आणि तशीच खाली बसली, मग आडवी झाली. नवरात्राचा उपास, पोटात सकाळपासून चहा फक्त, वर ऑक्टोबरचं सोलापुरी ऊन. डेंटिस्टनं मला हाक मारायच्या आधीच तिचे पाय वर केले होते. लसीची तीव्र अॅलर्जी असेल तर द्यायचं अॅड्रिनालिन मी काढून हाताशी ठेवलं. नाडी मंद होती पण लागत होती, अंगावर पुरळ नव्हतं, श्वास मोकळा. साधी चक्कर. थोड्या वेळानं बाई उठून साखरपाणी प्यायली आणि पदर सावरत लाजली.

पण तेवढ्यात तिच्या दिरानं मोबाईल काढला होता. "दात उपटणारीनं टोचलंय बघा! सरकार आमच्यावर शिकायला लागलंय!" मी ओरडून सांगितलं की ही डॉक्टर आहे, यादीत आहे. कोण ऐकतंय? रांग मोडली. त्या बाईनं स्वतः सांगितलं की उपासानं गरगरलं, तिचंही कुणी ऐकलं नाही. उघडलेल्या व्हायलीत सात डोस होते. चार तास भरले तेव्हा मी ती लाल पिशवीत टाकली. डेंटिस्ट कोपऱ्यात बसून कापसाचे बोळे गोळा करत होती. तिला काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून मीही बोळे गोळा करायला लागले.

मग वरून पत्र आलं, 'अनधिकृत व्यक्तीकडून लस का देण्यात आली?' अनधिकृत! मी खुलाशात लिहिलं की माझ्या सांगण्यावरून दिली, आणि केंद्राची यादी जोडली. उत्तर आलं नाही, कारवाईही झाली नाही. पण वस्तीत नाव झालं ते तिचं.

म्हणून तुमचा प्रश्न मला अर्धवट वाटतो. अमेरिकेत मार्च 2021 मध्ये दंतवैद्य, पशुवैद्य, विद्यार्थी यांना टोचायची मुभा दिली, ती ज्या कायद्याखाली दिली त्यातच त्यांना दाव्यांपासून संरक्षणही होतं. ब्रिटननं काम वाटून टाकलं: तपासणी आणि संमती नोंदणीकृत आरोग्य कर्मचाऱ्यानं घ्यायची, सुई शिकवून तयार केलेल्या दुसऱ्या कुणी टोचली तरी चालेल. आपल्याकडे यादी मोठी केली आणि बाकीचं 'तुम्हीच बघा'. हे आजचंही नाही. 1902 मध्ये पंजाबात मुलकोवालला प्लेगच्या लसीच्या एका बाटलीतून 19 माणसं धनुर्वातानं गेली, तेव्हा दोष आला ती लस शोधणाऱ्या हाफकिनवर. निर्दोष ठरायला त्याला वर्षं लागली. तो तर हाफकिन होता. अक्कलकोट रोडच्या डेंटिस्टसाठी कोण भांडणार?

हे सगळं मी तिलाही ऐकवलं, दाढ दाखवायला गेले तेव्हा. ती म्हणाली, "सिस्टर, दिराचं मला काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात 'हर घर दस्तक' निघालं, दारोदार जायला माणसं हवी होती. तुम्ही फोन केला नाहीत."

मी म्हटलं, तुझ्या नावाची ऑर्डर नव्हती.

"यादी होती की."

यादी म्हणजे ऑर्डर नव्हे, मी म्हटलं. तिला पटलं नाही. दाढेचे पैसेही तिनं घेतले नाहीत, त्यावरून आमचं वेगळं भांडण झालं.