दोन पाण्यांच्या मधली नॉटिलस

माझा धंदा फायबरच्या होड्या बांधायचा. देवबागकडे जाताना कर्ली खाडीच्या काठाला माझी शेड आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या डागडुजीला माझ्याकडे येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मान वर करायला फुरसत मिळत नाही. त्याच गर्दीत आमचे जुने सर वहीत काढलेलं एक चित्र घेऊन शेडमध्ये आले. आठवीला आर्किमिडीज मला त्यांनीच शिकवला होता. म्हणाले, "अरे, पाच फुटांची पाणबुडी करून हवी. नुसती दिसायला नको. पाण्यात बुडली पाहिजे आणि सांगितलं की वर आली पाहिजे."

चित्र नॉटिलसचं होतं. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' हा डिस्नेचा १९५४ चा चित्रपट सरांनी लहानपणी मुंबईत मामाकडे असताना पाहिला होता आणि ती बोट तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होती. ज्यूल व्हर्नच्या १८७० च्या कादंबरीत नॉटिलस सिगारसारखी गुळगुळीत आहे, ७० मीटर लांब, ८ मीटर रुंद. चित्रपटासाठी हार्पर गॉफने तिला वेगळंच रूप दिलं: पाठीवर करवतीसारखे दाते, अंगभर रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे, पुढे दोन फुगीर काचेचे डोळे. कथेत जहाजावरचे लोक तिला समुद्रातला राक्षस समजतात, मग ती राक्षसासारखी दिसायलाच हवी, हा त्याचा हिशेब. मला तो पटला. रात्री खाडीत एखादी होडी दिवा लावून अंगावर आली की माणूस आधी डोळेच बघतो.

सरांना आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती त्यांनी उभ्या उभ्याच सांगितली. नॉटिलसचा कप्तान, कॅप्टन निमो, हा आपला माणूस. व्हर्नच्या पुढच्या कादंबरीत कळतं की तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, प्रिन्स डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला आणि सगळं गमावून समुद्राखाली गेलेला. चित्रपटात यातलं काही येत नाही. "पोरांना हे माहीत नको?" सर म्हणाले. त्यांना ती पाणबुडी शाळेतल्या मुलांसमोर खाडीत बुडवून दाखवायची होती. मी हो म्हणालो.

चित्रपटासाठी बांधलेली बोट सुमारे २०० फुटी होती असं सर म्हणाले. पाच फूट म्हणजे एकास चाळीस. मूळ ठोकळा पांगाऱ्याच्या लाकडाचा केला, सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडाची होतात त्याचाच. थर्माकोल स्वस्त पडला असता, पण पॉलिस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळून जातो, त्यामुळे त्याचा विचारच केला नाही.

खरी अडचण रिव्हेटांची. हजारभर रिव्हेट हवे होते, सगळे एकसारखे. एकास चाळीसला रिव्हेटचं डोकं दीड मिलिमीटरचं येतं. ते कशाचं करायचं यावर दोन दिवस घालवले. मग आईने भाकरीला नाचणी निवडायला घेतली आणि सुपाकडे बघताना मला उत्तर मिळालं. नाचणीचा दाणा दीड मिलिमीटरचा आणि सगळीकडून गोल. फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढायची आणि चिमट्याने एकेक दाणा बसवत जायचं. रात्री अकरापर्यंत बसलं की दोन ओळी होत. एका सकाळी येऊन बघतो तर डाव्या बाजूची तिसरी ओळ अर्धी गायब. मुंग्यांनी दाणे सोडवून नेले होते, फेव्हिकॉलच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. ती ओळ पुन्हा बसवली, लगेच लाखेचे दोन हात दिले आणि टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्या ठोकळ्यावरून साचा काढला. साच्यातून पहिलं कवच सुटलं तेव्हा जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या सगळ्यात बाहेरच्या थरावर, नाचणीचा प्रत्येक दाणा उठून आला होता. हात फिरवला की खरखर लागायची. वीस वर्षं मी होडीचा पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून घासतो आहे. ही खरखर मुद्दाम केलेली, आणि तिच्यावरून हात काढावासा वाटेना.

आतली रचना साधी ठेवली. कवचाला खाली भोकं, त्यातून पाणी मोकळं आत-बाहेर जाणार. कोरडी जागा फक्त मधल्या ४ इंची पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना रबरी रिंग बसवलेली झाकणं. पाइपात बॅटऱ्या, मोटर, रिसीव्हर, दोन्ही बाजूंनी फिरणारा छोटा पंप आणि एक रबरी पिशवी. पंपाने बाहेरचं पाणी पिशवीत ओढलं की बोट बुडते, पंप उलटा फिरवला की वर येते. उघडी टाकी मुद्दाम टाळली. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी पुढे सरकतं आणि नाक खाली जातं. होडीच्या तळात पावसाचं पाणी साचलं की ती कशी लोळते, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जाळ्याला लावायचे हलके तरंगे कवचाच्या वरच्या भागात, जाळ्याचीच शिसं खाली तळाला. तरंगणारं वर आणि जड खाली असलं तरच बोट उभी राहते.

विजेचं काम भाच्याने केलं, तो मोबाइल दुरुस्त करतो. त्यानेच जुना ४० मेगाहर्ट्झचा रिमोट शोधून आणला. हल्लीचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट पाण्याखाली हातभरसुद्धा पोचत नाहीत. जुन्या रिमोटचा सिग्नल गोड्या पाण्यात दोनतीन मीटर खाली जातो. खाऱ्या पाण्यात मात्र तोही संपतो, म्हणून त्याने आत एक टायमर बसवला. सिग्नल सलग दहा मिनिटं मिळाला नाही तर पंप आपोआप उलटा फिरणार.

गावच्या तळ्यात चाचणी झकास झाली. पिशवी भरायला ७० सेकंद, ७०० मिली पाणी. सत्तराव्या सेकंदाला बोट आडवीच्या आडवी खाली जायची आणि जिथे सोडाल तिथे थांबायची.

आता खाडी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. आमची बोट बुडाल्यावर ११ किलो पाणी बाजूला सारायची, म्हणजे खाडीत तिला २७५ ग्रॅम जास्त वजन लागणार. मी २५ ग्रॅमची अकरा शिसं तळाला बांधली. मे महिन्यात केलं असतं तर हा हिशेब अचूक ठरला असता.

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. घाटात दोन रात्री पाऊस लागला होता, पण आमच्याकडे त्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं आणि भरती नुकतीच सुरू झाली होती. मुलांना आणण्याआधी एकदा आपणच बघू म्हणून सर, भाचा आणि मी जेटीवर गेलो. बोट पाण्यात सोडली तेव्हा मला दिसलं होतं की पाणी नाचणीच्या तिसऱ्या ओळीऐवजी चौथ्या ओळीला लागलंय. दिसलं, आणि मी त्याच्यावर थांबलो नाही. या गोष्टीत माझी चूक म्हणून कुठे बोट ठेवायचं तर तिथे.

पंप सुरू केला. सर घड्याळ बघत सेकंद मोजत होते. बेचाळीसला बोट दिसेनाशी झाली. सत्तरला जायला हवी होती. सवयीने मी पंप शेवटपर्यंत चालू ठेवला. डोळ्यांचे पिवळे दिवे गढूळ पाण्यात आधी मंद झाले, मग दिसायचेच बंद झाले. पंप उलटा फिरवला. काही नाही. मोटर मागे घेतली. काही नाही.

"टायमर आहे," भाचा म्हणाला. "दहा मिनिटं."

तीन महिन्यांचं काम तीन मीटर पाण्यात होतं. टायमरने ती वर आलीच, तरी कुठे येणार? पाण्यावर पालापाचोळा आणि फेस समुद्राकडे चालला होता, चांगल्या वेगाने. मी आणि भाच्याने होडी सोडली आणि पाचोळ्याच्या मागे संगमाच्या दिशेने निघालो. अंधार पडत होता. माझे हात वल्ह्यावर होते, पण लक्ष सरांकडे. ते जेटीच्या टोकावर रिमोट छातीशी धरून उभे होते.

काठाला एक म्हातारे आबा गरी टाकून बसले होते. त्यांनी हाक मारली, "खय चललास रे?"

"आबा, पाणबुडी बुडली. वाहून गेली असणार."

"मगे खाली खय शोधतास? वर जा. वरचा पाणी गोडा, ता दर्याक चललासा. तळचा खारा, ता भरतीबरोबर वर येता." त्यांनी हातातली दोरी दाखवली. पाण्यावरून बघितलं तर ती समुद्राकडे झुकायला हवी होती. ती उलटीकडे, गावाच्या बाजूला तिरकी गेली होती. शिसं तळच्या पाण्याने खाडीच्या आत ओढलं होतं.

मला सगळं एका दमात उमजलं. घाटातलं पावसाचं पाणी हलकं म्हणून वर पसरलं होतं, भरतीचं खारं पाणी त्याच्याखालून आत शिरत होतं. माझी बोट खाऱ्या पाण्याच्या वजनाला बांधलेली. वरच्या गोड्या थरातून ती दगडासारखी खाली गेली आणि खाऱ्या थरात पोचल्यावर तिथेच अधांतरी राहिली. सिग्नल तिथेच तुटला. आता ती तळच्या पाण्याबरोबर आमच्या उलट्या दिशेने चालली होती.

होडी वळवली आणि जिवाच्या आकांताने वल्हवायला लागलो. सर काठाकाठाने चिखलातून चालत होते, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, आणि मिनिटं ओरडून सांगत होते. नऊ. दहा. अकरा. तिवरांच्या मुळांपाशी, जेटीपासून वरच्या अंगाला दीडशे पावलांवर, पाण्याखाली दोन पिवळे ठिपके उमटले. मोठे होत गेले. मग पाठीचे दाते पाण्याबाहेर आले, त्यांच्यावरून पाणी ओघळलं आणि ती शांतपणे तरंगत राहिली, डोळे आमच्याकडे करून. सर बोलले नाहीत. ते तसेच पाण्यात उतरले आणि त्यांनी तिच्या नाकावर हात ठेवला.

त्या रात्री आम्ही घरी गेलो नाही. सरांनी प्लास्टिकच्या बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, बाटली तळाशी सोडली आणि खाली गेल्यावर बुच ओढलं. वरच्या पाण्याची दुसरी बाटली भरली. दोन्ही पाणी त्यांनी जिभेला लावून बघितलं, मलाही लावायला सांगितलं. शेडमध्ये हार्डनर मोजायच्या काट्यावर एकेक लिटर तोललं. तळचं पाणी वरच्यापेक्षा १८ ग्रॅम जड भरलं. सरांनी आकडे वहीत लिहिले. मी ते शेडच्या प्लायवूडवर पेन्सिलने लिहिले, होड्यांची मापं लिहितो तिथेच.

आठवड्याने मुलं आली. सकाळी पाणी पुन्हा तोललं, अकरा शिसांतली दहा काढली, एक ठेवलं. आबांना सरांनी आग्रहाने जेटीवर बसवलं आणि आधी त्यांची तिरकी दोरी सगळ्या मुलांना दाखवली. मग बोट सोडली. पिशवी पूर्ण भरली, ती गोड्या पाण्यातून हळूहळू उतरली आणि दीड मीटरवर, खारं पाणी लागताच, फळीवर ठेवावी तशी थांबली. दिवे अंधुक दिसत होते, सिग्नल चालू होता. सरांनी रिमोट पुढे उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातात दिला.

"आता वर बोलाव तिला," ते म्हणाले.