वेरेस्कचा पूल गाडीतून दिसत नाही (तेहरान ते सारी, रेल्वेने)

सगळ्यात आधी हे सांगतो, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वेरेस्कचा पूल म्हणजे इराणच्या एल्बुर्झ डोंगरातला रेल्वेचा उंच पूल, आणि तो बघायचा म्हणून तेहरानहून कास्पियन समुद्राकडच्या सारी शहराला जाणाऱ्या गाडीत बसाल तर पूल दिसणार नाही. तुम्ही त्याच्या अंगावरूनच जात असता. आठ-दहा सेकंद खिडकीखाली दरी दिसते, डब्यातली पोरं ओरडतात, की परत बोगदा. आम्हाला तेहरानच्या एका एजन्सीवाल्याने "पुलाचा व्ह्यू असलेली सीट" म्हणून जादा पैसे घेऊन तिकिटं दिली होती. असली सीट नसते. एक पैसाही जास्त देऊ नका.

आता आम्ही तिथे का गेलो ते. मी रेल्वेत होतो, रुळांच्या मेंटेनन्सला, आणि त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात काढली. १ इन ३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, म्हणजे काय ते गुडघ्यांना माहीत आहे. इराणच्या या लाईनवर एल्बुर्झ डोंगरात १ इन ३६ च्या आसपास चढ आहे हे वाचलं तेव्हाच ठरवलं होतं की एकदा जायचं. २०२४ च्या मे महिन्यात मी आणि मेहुणा, दोघंच. तेव्हा भारतीयांना विमानाने गेल्यास पंधरा दिवस व्हिसा लागत नव्हता, ती सवलत २०२५ च्या नोव्हेंबरात बंद झाली, त्यामुळे आता व्हिसा काढूनच जावं लागेल, आणि आपल्या सरकारची त्या वेळची सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

ही लाईन १९२७ ते १९३८ मध्ये झाली, पर्शियन आखातापासून कास्पियनपर्यंत १,३९४ किलोमीटर, २२४ बोगदे. जाण्याआधी जिथे तिथे ऐकलं "जर्मनांनी बांधली". हॉटेलवाला तेच म्हणाला, टॅक्सीवाला तेच म्हणाला, आणि खरं सांगायचं तर मीही तेच धरून चाललो होतो. हे अर्धवट आहे. १९२८ ला काम दोन गटांना दिलं, उत्तरेचं जर्मन कंपन्यांच्या गटाला, दक्षिणेचं अमेरिकनांच्या. जर्मनांनी कास्पियनकडचा सपाट तुकडा केला. मग पैशांवरून वाजलं, अमेरिकन गेले, आणि १९३३ ला सगळं काम काम्पसाक्स नावाच्या डॅनिश कंपनीकडे आलं. त्यांनी लाईनचे तुकडे पाडले आणि इटालियन, ब्रिटिश, जर्मन, बेल्जियन, झेक अशा कितीतरी देशांच्या कंत्राटदारांना वाटले, इराणी कंत्राटदारसुद्धा होते. घाटातलं अवघड काम या काळातलं. रझा शाहने, म्हणजे इराणच्या तेव्हाच्या राजाने, मुद्दाम छोट्या देशाची कंपनी वर बसवली असं मला वाटतं, कारण डेन्मार्कला इराणात ना तेल हवं होतं ना बंदर.

तेव्हाची परिस्थिती अशी. दक्षिणेत तेल ब्रिटिशांच्या कंपनीकडे. आबादानच्या रिफायनरीला माणसं तर मुंबईत भरती करून नेली जायची, १९२० आणि १९२२ ला तिथे आपल्या हिंदी कामगारांनी संप केले होते. उत्तरेत सगळा व्यापार रशियावर, तांदूळ, मासे, कापूस, सुका मेवा, आणि रशियाने १९२६ ला माल घेणं थांबवलं तसे माझंदरानचे, म्हणजे कास्पियनकाठच्या प्रांतातले, व्यापारी गळ्यापर्यंत बुडाले. नोटा छापायचा हक्क ब्रिटिशांच्या इम्पीरियल बँकेकडे. देशाची नोट दुसऱ्याच्या बँकेची, विचार करा. तो हक्क १९३० ला २ लाख पाउंड मोजून परत घेतला. मग जर्मनी आली, १९३५ ला करार झाला की तुमचा कापूस-लोकर द्या, आमची यंत्रं घ्या, रोख पैशाचं नाव नाही. ज्या देशाकडे परकीय चलन नाही त्याला याहून बरं काय हवं? दुसरं महायुद्ध सुरू झालं तोवर इराणच्या व्यापारात जर्मनी एक नंबरला होती.

आणि या सगळ्यांत रेल्वे कुणाच्याही कर्जाने बांधली नाही, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. १९२५ ला चहा आणि साखरेवर कर बसवला आणि त्यातून लाईन झाली. ब्रिटिशांना लाईन पूर्व-पश्चिम हवी होती, तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या क्वेट्ट्याकडून (आता पाकिस्तानात) आलेल्या लाईनला जोडणारी. शाहने उत्तर-दक्षिण नेली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेसुद्धा बघा, १४३५ मिलिमीटर, स्टँडर्ड. रशियाचं त्याहून रुंद, हिंदुस्थानचं अजून रुंद, १६७६. म्हणजे ना वरून रशियाची गाडी थेट आत येणार, ना क्वेट्ट्याकडून आपली. इराणच्या पूर्व सीमेजवळच्या झाहेदानला आजही क्वेट्ट्याची लाईन ब्रॉडगेजचीच आहे. रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे मिलिमीटर बरोबर कळतात.

गाडीविषयी थोडक्यात. दिवसाची गाडीच घ्या, रात्रीची घेतली तर घाट अंधारात जातो आणि सगळा खर्च वाया. आपलं कार्ड इराणमध्ये कुठेही चालत नाही, तिकीट हॉटेलवाल्याकडून काढून घ्या, पासपोर्ट जवळ ठेवा. फिरूझकूहपर्यंत उघडेबोडके तपकिरी डोंगर, मग गदूकचा जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा, आणि पलीकडे निघालात की ढग, झाडी, ओल. घाटमाथ्यावरून एकदम कोकणात उतरल्यासारखं. मग गाडी डोंगराला वळसे घालत उतरते, एका ठिकाणी एकाच उतारावर लाईन तीनदा दिसते, तिला ते लोक तीन सोनेरी रेषा म्हणतात. मी खिडकी सोडली नाही.

आता त्रासाचं. पूल खालून बघायचा म्हणून आम्ही वेरेस्क ओलांडून पुढे पोल-ए-सेफीद स्टेशनला उतरलो आणि मागे वेरेस्ककडे जायला टॅक्सी केली. ड्रायव्हर म्हणाला "पुन्सद", पाचशे. आम्ही समजलो पाच लाख रियाल, म्हणजे तेव्हाचे आपले सत्तर रुपये, आणि खुशीत बसलो. त्याचे होते पाच लाख तोमान. एक तोमान म्हणजे दहा रियाल, म्हणजे सरळ दहापट, सातशे रुपये. नोटेवर रियाल छापलेले, तोंडात तोमान, आणि "हजार" कुणी म्हणतच नाही. शिवाय मोठ्या नोटांवर शेवटचे चार शून्य पुसट छापतात, दहा लाखाच्या नोटेवर ठळक दिसतं ते १००, त्यामुळे थकलेल्या माणसाच्या डोक्याचा पार भुगा होतो. रियाल आला तो याच शाहच्या काळात, १९३०-३२ मध्ये, त्याआधी किरान आणि तोमान होते, पण नव्वद वर्षं झाली तरी लोकांच्या जिभेवरून तोमान गेला नाही. तर बसायच्या आधी मोबाईलवर आकडा टाईप करून दाखवा, समोर "तोमान" म्हणा, आणि त्याच्याकडून मान डोलावून घ्या. उतरताना ड्रायव्हर "काबेल नदारे" म्हणेल, म्हणजे राहू द्या पैसे. ती बोलायची रीत आहे, पैसे द्यायचेच असतात.

सातशे गेल्याचं एवढं नाही. राग याचा आला की त्याने आम्हाला पुलाच्या बरंच अलीकडे सोडलं, "वेरेस्क हेच" म्हणाला आणि गेला. पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. फिरूझकूह रोड म्हणजे तेहरान ते कास्पियनचा मोठा रस्ता, ट्रकमागून ट्रक, चढ, धुकं इतकं की पन्नास पावलांवरचं दिसेना, आणि चालायला रस्त्याची कडा अशी नाहीच. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला दरड, मध्ये हातभर निसरडी खडी. मेहुण्याने लाल टॉर्च मागे धरला होता म्हणून निभावलं. दोनदा ट्रकच्या हवेनं मी कठड्यावर आपटलो, डावा कोपर आठवडाभर सुजला होता. हा तुकडा पायी करू नका, कुठल्याही कारणाने नाही. टॅक्सी थेट वेरेस्क गावात नेते का ते नकाशावर बोट ठेवून विचारा, आणि पूल दिसल्याशिवाय उतरू नका. रुळांवरून चालत पुलाशी जाता येतं असंही कुणीतरी सांगेल. ते सांगणाऱ्याने कधी घाटातल्या बोगद्यात समोरून गाडी आलेली बघितलेली नसते. अजिबात नाही.

मग धुकं दहा मिनिटं फाटलं आणि पूल दिसला. ११० मीटर उंच, ६६ मीटरची एकच कमान, दोन उभ्या कड्यांच्या मध्ये. मी फोटो काढायचाच विसरलो, मेहुण्याने काढले. खालच्या टपरीवर चहा घेतला, कमरेला बारीक असलेला काचेचा पेला, काळा चहा, आणि वाटीत साखरेचे वेडेवाकडे खडे. ते लोक खडा दातात धरतात आणि त्यावरून चहा ओढतात. मीही तसाच प्यायलो आणि वर पुलाकडे बघत बसलो, हा पूल चहा-साखरेच्याच पैशाचा, गरिबातल्या गरीब माणसाने प्रत्येक पेल्यामागे थोडा थोडा भरलेला. मला भरून आलं. टपरीवाल्याने गोष्ट सांगितली की पहिली गाडी गेली तेव्हा शाहने इंजिनियरला बायकापोरांसकट पुलाखाली उभं केलं होतं. ही गोष्ट तिथे प्रत्येकजण सांगतो, ऐकून घ्या, पण इतिहास म्हणून घरी आणू नका.

सारीत दोन दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तेहरानमध्ये अर्धा दिवस असेल तर राजवाडे सोडा आणि फिरदौसी रस्ता चाला. एकाच रस्त्यावर ब्रिटिश वकिलात, जर्मन वकिलात, बँक मेल्लीची जुनी इमारत, आणि ओळीने सराफीची, म्हणजे परकीय चलन बदलून देणारी, दुकानं. डॉलर तिथेच बदला, दुकानात, पाटी बघून. फूटपाथवर जो "चेंज, चेंज" करत मागे येतो त्याच्याशी बोलूच नका.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये जर्मन माणसं देशात आहेत या कारणावरून ब्रिटन आणि रशिया दोघंही इराणात घुसले, आणि याच लाईनवरून रशियाला युद्धाचं सामान जाऊ लागलं. ज्यांच्यापासून लांब राहायला लाईन आडवी न नेता उभी नेली, तेच दोघं तिच्यावर बसले. शाहला गादी सोडावी लागली, "बांद्रा" नावाच्या जहाजाने त्याला आणलं ते आपल्या मुंबई बंदरात, पण ब्रिटिशांनी उतरू दिलं नाही, तिथूनच दुसऱ्या जहाजात घालून मॉरिशसला पाठवलं. आता भाऊच्या धक्क्यावर गेलो की हे आठवतं.

राहिलं परतीचं. वेरेस्कहून पोल-ए-सेफीदला यायला दीड लाख तोमान पडले, साधारण दोनशे रुपये, आणि हा ड्रायव्हर अगदी सरळ माणूस निघाला. म्हणजे २०२४ ला खरा भाव याच्या आसपास होता, दोघांचा मिळून. मे महिन्यातसुद्धा स्वेटर आणि रेनकोट न्या, लाल टॉर्च न्या, आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी अर्धं तेहरान याच रस्त्याने समुद्राकडे निघतं.