तुम्ही विचारलंत म्हणून : ती की त्या?

फ्रेंच शिकवते म्हटलं की लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी विचारतंच, "जोन ऑफ आर्क म्हणजे फ्रान्सची झाशीची राणीच ना हो?" जोन म्हणजे पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्धच्या युद्धात फ्रेंच सैन्यासोबत उतरलेली खेड्यातली मुलगी. बरीच वर्षं मी "हो, तसंच काहीसं" म्हणून सुटका करून घेतली. आता "नाही" म्हणते. मग पुढचा प्रश्न येतो: वीरांगना म्हणायचं नाही, तर तिला म्हणायचं तरी काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी नाव. ‘जोन’ हे इंग्रजी रूप, फ्रेंचमध्ये ती झान. ‘ऑफ आर्क’ ऐकून आर्क हे गाव वाटतं. तिचं गाव दोंरेमी, आणि ‘दार्क’ हे वडिलांचं आडनाव. 1431मध्ये इंग्रजांच्या कैदेत असताना रुआं शहरात चर्चनं तिच्यावर खटला चालवला, त्यात नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, गावाकडे मला झानेत म्हणायचे, इकडे आल्यावर झान म्हणू लागले, आडनावाचं काही माहीत नाही. महिन्याभरानं पुन्हा विषय निघाला, तेव्हा वडिलांचं दार्क आणि आईचं रोमे अशी दोन्ही नावं सांगून वर म्हणाली, आमच्याकडे मुली आईचं आडनाव लावतात. स्वतःला मात्र ती म्हणवायची ‘झान ला प्युसेल’. पत्रांमध्येही हेच. लिहिता येत नव्हतं, पत्रं ती सांगायची आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. काही पत्रांखाली ‘झान’ अशी सही आहे, पहिलीतल्या मुलानं पाटीवर गिरवावी तशी.

खरी अडचण ‘प्युसेल’ची. लग्न न झालेली, पुरुषाचा स्पर्श न झालेली कोवळी मुलगी. ‘कुमारी’ लिहिलं की लग्नपत्रिकेतलं ‘कु.’ आठवतं, ‘कन्या’ म्हटलं की कन्यादान. मला ‘पोर’ आवडतं, पण त्यात कौमार्याची गोष्ट गळते, आणि ती साधी नव्हती. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी फ्रान्सच्या राजाच्या लोकांनी बायकांकडून तिची तपासणी करवली, कैदेत इंग्रजांनीही करवली. म्हणून मी हल्ली ‘प्युसेल’ तसंच ठेवते आणि अर्थ सांगून टाकते.

आता ‘रणरागिणी’. हा शब्द आपल्याकडे ग्रामपंचायत निवडणूक जिंकलेल्या बाईलाही लावतात, ते सोडा. पण झानला तो बसतच नाही. मे 1429मध्ये ऑर्लेआँ शहराला इंग्रजांनी घातलेला वेढा उठला त्यात ती पुढे होती, खांद्याजवळ बाण लागला होता, हे खरं. पण तलवार आणि झेंडा यांत प्रिय काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, झेंडा चाळीस पटींनी प्रिय. आणि कुणाला मारायला लागू नये म्हणून तो मी स्वतः धरायचे, मी कुणालाच मारलं नाही. इंग्रजांना धाडलेल्या पत्रात ‘युद्धप्रमुख’ असा शब्द होता, तो तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, हा मी सांगितलाच नव्हता. पुढे दुसऱ्या एका दिवशी मात्र, असले युद्धप्रमुख तर इंग्रजांना झोडपायलाच होते, असंही सुनावलं. गरीब गाय नव्हतीच ती. शिवण आणि सूतकताईत रुआंमधल्या कुठल्याही बाईला हार जाणार नाही, हेही तिनं त्याच न्यायाधीशांना ऐकवलं होतं.

‘संत’ म्हणायला हरकत नाही, फक्त तारखा सोबत द्याव्यात. 30 मे 1431ला चर्चच्या न्यायालयानं दोषी ठरवल्यावर तिला जाळलं, 1456मध्ये चर्चनंच तो निकाल रद्द केला, 1920मध्ये संतपद दिलं.

आणि कपडे, म्हणजे तिचा पुरुषी वेष. ते वगळून तिचं वर्णन करणाऱ्यांचा मला राग येतो. जाळण्याच्या सहा दिवस आधी, 24 मेला, तिनं चूक मान्य करणाऱ्या कबुलीपत्रावर खूण केली, बायकी वेष घेतला. चार दिवसांत पुन्हा पुरुषी वेषात सापडली आणि तेच मरणाचं निमित्त झालं. पुरुषांच्या पहाऱ्यात राहायचं तर हाच वेष बरा, असं तिचं म्हणणं. तुमानी अंगरख्याला नाड्यांनी घट्ट बांधलेल्या असायच्या, सोडवायला वेळ लागायचा. पण युद्धातही, दरबारातही ती तेच घालत होती, म्हणजे कारण तेवढंच नव्हतं.

त्यावरूनच गेल्या वर्षी वर्गात वाद झाला. 2022मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एका नाटकात जोनसाठी ‘शी’ऐवजी स्त्री-पुरुष भेद न करणारं ‘दे’ वापरलं होतं. एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग मराठीत ‘ते’ म्हणायचं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "माझी आजी आजोबांना म्हणते तसं? ते बाहेर गेलेत?" सगळे हसले. प्रश्न वेडगळ नव्हता. पण स्वतःसाठी तिनं निवडलेला शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून मी ‘ते’ म्हणत नाही.

‘त्या’ही म्हणत नाही. राणी लक्ष्मीबाई लढल्या, पण मुक्ताई म्हणाली. मरताना झान एकोणीस वर्षांची होती, माझ्या वर्गातल्या मुलींएवढी.

त्या दिवशी मी फोनवर एक चित्र मोठं करून दाखवलं. तिच्या हयातीत काढलेलं, आज उरलेलं तिचं एकमेव. पॅरिसच्या न्यायालयाचा कारकून क्लेमाँ द फोकँबेर्ग यानं मे 1429मध्ये ऑर्लेआँची बातमी नोंदवताना वहीच्या समासात ते काढलं. तिला कधी न पाहता. लांब केस, बायकी झगा, एका हातात झेंडा, दुसरा तलवारीवर. प्रत्यक्षात केस कातरलेले होते. दोन वर्षांनी याच कारकुनानं तिला जाळल्याची नोंद केली, आणि तिच्या डोक्यावरच्या कागदी टोपीवर काय लिहिलं होतं तेही उतरवून घेतलं: पाखंडी, पुन्हा घसरलेली, धर्मभ्रष्ट, मूर्तिपूजक.

"या वेळी समासात काही काढलं नाही त्यानं?" मागच्या बाकावरून विचारलं गेलं.

नाही काढलं.