दोघींची एक व्हायोलेट्टा

जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या ऑपेरा हाउसमध्ये मी सरटायटल चालवते. रंगमंचावर इटालियन गाणं चालू असताना वरच्या पडद्यावर जर्मन ओळी उमटतात ना, त्या नेमक्या जागी पुढे सरकवायचं काम. समोर पियानोचा स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, त्यात पेन्सिलीने घातलेले क्यू, हाताशी एक बटण. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते तेव्हा अशी नोकरी असते हे घरी सांगितलं असतं, तर आईने आधी पगार विचारला असता.

त्या शनिवारी संगीतकार व्हेर्दीचं ‘ला त्राव्हियाता’ होतं, क्षयाने मरणाऱ्या व्हायोलेट्टाची गोष्ट. सकाळीच निरोप आला, व्हायोलेट्टा गाणाऱ्या सोप्रानोचा, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेचा, आवाज बसलाय. डॉक्टरांनी कॅमेऱ्याने घसा पाहिला, स्वरतंतू सुजलेले. गायचं नाही, हिंडाफिरायला हरकत नाही. आपल्याकडे अशा वेळी पट्टी उतरवतात. काळी चारची काळी दोन केली की पेटीवाला सांभाळून घेतो. इथे अख्ख्या वाद्यवृंदापुढे पट्टी छापून ठेवलेली असते. आणि माइक नसतो. एवढ्या वाद्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते उघड्या गळ्याने. सुजलेल्या गळ्याने एक रात्र रेटली तर पुढचे कित्येक महिने जाऊ शकतात.

जर्मनीत ऐंशीच्या वर ऑपेरा हाउसेस आहेत, त्यामुळे व्हायोलेट्टाची भूमिका पाठ असलेली कुणी ना कुणी रेल्वेच्या टप्प्यात सापडते. सापडली. पन्नाशीची, हातात एक छोटी बॅग. गाडी उशिरा आली हे सांगायला नको. रंगमंचावरच्या हालचाली शिकवायला वेळच उरला नव्हता. मग ठरलं की आमची व्हायोलेट्टा वेश करून मूक अभिनय करेल आणि पाहुणी कडेला स्टँडपाशी उभी राहून गाईल. ऑपेरात हे अधूनमधून घडतं, पण माझ्यासमोर पहिल्यांदाच.

तासाभरात वाद्यवृंदाच्या कंडक्टरने तिला आमच्या काटछाटी सांगितल्या, मी शेजारी बसून खुणा तपासल्या. ‘अद्दिओ देल पास्सातो’ या तिच्या गाण्याचं दुसरं कडवं आम्ही गाळतो, ती दोन्ही गाते. तिने त्यावर लाल पेन्सिलीने भलीमोठी फुली मारली. पहिल्या अंकाच्या शेवटी बऱ्याच गायिका वरचा ई फ्लॅट हा खूप उंच स्वर घेतात. व्हेर्दीने तो लिहिलेला नाही, पण लोक त्याचीच वाट बघत बसतात. कंडक्टरने विचारलं तर म्हणाली, “आज नाही. आज मी गाडीत सहा तास बसून आलेय.” मला ती तिथेच आवडली.

पहिले दोन अंक नीट गेले. थोड्या वेळाने दोघींपैकी कुणाकडे बघायचं हा प्रश्नच उरला नाही. तिसऱ्या अंकात मात्र एक जागा आहे. मरणाच्या दारातली व्हायोलेट्टा तिच्या प्रियकराच्या, आल्फ्रेदोच्या वडिलांचं पत्र वाचते. हे गायचं नसतं, नुसतं बोलायचं. खाली व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून. ते कोणी वाचायचं, हे गडबडीत कुणीच ठरवलं नव्हतं! पाहुणीने स्टँडवरून हात काढला आणि एक पाऊल मागे झाली. आणि आमच्या बाईने, सुजलेल्या, फाटक्या आवाजात, पत्र वाचलं. शब्द मध्येच तुटत होते. माझे क्यू तालमीतल्या वेगाचे. मी स्कोअर सोडून तिच्या ओठांकडे बघत बटण दाबत होते. १८५३ साली व्हेनिसमध्ये पहिल्या प्रयोगाला, एवढी धष्टपुष्ट बाई क्षयाने कशी मरेल म्हणून प्रेक्षक हसले होते म्हणतात. इथे हसायची सोय नव्हती.

प्रयोगानंतर दोघी कॅन्टीनमध्ये भेटल्या. मी शेजारच्या टेबलावर सूप पीत होते, कान अर्थातच तिकडे. आमची फोनवर टाइप करून विचारत होती, पाहुणी तोंडी उत्तरं देत होती. इथल्या करारात एक गोम आहे. एकाच ठिकाणी पंधरा वर्षं झाली की नोकरी जवळजवळ पक्की होते, म्हणून कित्येक नाट्यगृहं त्याआधीच करार संपवतात. पाहुणीला असाच नारळ मिळाला होता. तेव्हापासून ती फ्रीलान्स. गायलं तर पैसे, सर्दी झाली तर शून्य. आमच्या बाईचं तेरावं वर्ष चालू होतं. पाहुणीने पेपर नॅपकिनवर कामगार कायद्याच्या वकिलाचा नंबर लिहून दिला, आणि करार संपवल्याचं पत्र यायची वाट बघू नकोस, सोमवारीच फोन कर म्हणाली.