पैठणीचा राणी रंग आणि वेबपीची भानगड

येवल्यातल्या एका विणकर कुटुंबाची वेबसाइट मी सांभाळतो. माग घरातच, दुकान पुढच्या खोलीत, गिऱ्हाईक मात्र पार परदेशातलंही. साइटवर पैसे भरायची सोय नाही. साडी पाहायची, आवडली की व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबायचं, पुढचं बोलणं फोनवर. म्हणजे साइटला काम एकच, फोटो दाखवणं. आणि नेमकं तेच ती रडतखडत करत होती.

फोटो घरच्या सूनबाई काढतात. दुपारच्या उन्हात, गच्चीच्या दारापाशी, आयफोनवर. फोटो उत्तम असतात. पण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चारेक एमबीचा फोटो जसाच्या तसा साइटवर चढत होता. क्रोममधलं लाइटहाउस, म्हणजे साइटचा वेग तपासायचं साधन, मोबाइलची चाचणी घेताना मुद्दाम मंद नेट धरतं, सेकंदाला साधारण १.६ मेगाबिटचं. त्या वेगाने असा एकच फोटो उतरायला २० सेकंद लागतात. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा. आमच्या पहिल्याच पानावर असे फोटो एकाखाली एक रांगेने उभे होते.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘वेबपी कर’. सल्ला चुकीचा नाही. गूगलने २०१० साली फोटोच्या फाइलचा हा प्रकार आणला. मुळात तो व्हीपी८ या व्हिडिओच्या तंत्रातून निघाला, म्हणजे व्हिडिओची एक फ्रेम जशी दाबून ठेवतात तसं हे चित्र. तितक्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असा गूगलच्याच अभ्यासाचा दावा. फायरफॉक्सने तो २०१९ मध्ये स्वीकारला, सफारीने २०२० मध्ये. त्यामुळे आता ‘चालेल का?’ हा प्रश्न फारसा उरलेला नाही.

पण जरा हिशेब करा. ४ एमबीतून ३४ टक्के गेले तरी अडीच एमबीच्या वर उरतात. खरा फरक मापात आहे. फोनच्या स्क्रीनची रुंदी साधारण ४०० सीएसएस पिक्सेल (पानाच्या मांडणीत मोजतात ते), चांगल्या फोनवर त्याच्या तिप्पट खरे पिक्सेल, म्हणजे १२०० रुंदीचा फोटो पुरतो. १ कोटी २० लाख पिक्सेलचे १० लाख ८० हजार झाले, अकरा पटींनी कमी! वेबपीचं नाव न घेता. म्हणून प्रत्येक फोटोची ४००, ८०० आणि १२०० अशी तीन मापं करायची, कोणतं उचलायचं ते एसआरसीसेटमधून, म्हणजे पानाच्या कोडमधल्या मापांच्या यादीतून, ब्राउझरवर सोडायचं, आणि झूम करून पाहण्यासाठी एक मोठा फोटो वेगळा ठेवायचा, असं ठरवलं.

फोटो मिळवणं हेही एक काम होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आधीच दाबलेला येतो, त्याला पुन्हा दाबण्यात अर्थ नाही. म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवायला सांगितलं. मग आयफोनच्या नेहमीच्या एचईआयसी प्रकारातल्या फाइली येऊ लागल्या, ज्या माझी साधनं उघडेनात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडल्यावर सरळ जेपीईजी यायला लागले.

मोजक्या फोटोंवर आधी चाचणी घेतली. गूगलचंच सीवेबपी हे साधन, दर्जा ८०. फाइली मस्त लहान झाल्या. काही उभे फोटो मात्र आडवे झोपले होते. कारण फोन अनेकदा फोटो खरोखर फिरवत नाही, ‘हा असा धरा’ एवढी नोंद फाइलमध्ये ठेवतो, आणि सीवेबपी मुळात सगळ्या नोंदी काढून टाकतं. ते सोडवणं सोपं होतं. अवघड ते घरातल्या काकांच्या लक्षात आलं. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला तर म्हणाले, “हा राणी नाही दादा. धुतल्यावानी दिसतोय.”

मी साडी शेजारी ठेवून पाहिली. काका बरोबर होते. त्या नोंदींबरोबर रंगांचा प्रोफाइलही, म्हणजे आकडे कोणत्या रंगपटातले ते सांगणारी नोंद, गेला होता. आयफोन गेली बरीच वर्षं, म्हणजे ७ नंबरच्या मॉडेलपासून, डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपटात फोटो काढतो. प्रोफाइल गेला की ब्राउझर तेच आकडे नेहमीच्या एसआरजीबीचे समजतो आणि गडद रंग फिके पडतात. डोंगराच्या किंवा इमारतीच्या फोटोत कोणाला पत्ताही लागणार नाही. इथे मात्र लोक फोटो पाहून पंधरा-वीस हजारांची साडी मागवतात, आणि रंग वेगळा निघाला तर ती परत येते. साइट चार सेकंद उशिरा उघडली तर गिऱ्हाईक कदाचित थांबेलही, पण एकदा फसल्यासारखं वाटलं तर पुन्हा फिरकत नाही.

मग नोडवर (जावास्क्रिप्ट चालवायची सोय) चालणाऱ्या शार्प या फोटोंच्या लायब्ररीत छोटी स्क्रिप्ट लिहिली. आधी नोंदीप्रमाणे फोटो फिरवायचा, मग रंग एसआरजीबीत नीट रूपांतरित करायचे, मग माप कमी करायचं, आणि सगळ्यात शेवटी फाइलचा प्रकार बदलायचा. या क्रमाने राणी पुन्हा राणी दिसला. पी३मधले अगदी टोकाचे रंग त्यात थोडे कापले जातात हे खरं, पण काकांनी मान डोलावली, मग मी कोण बोलणार!

यानंतर पदर. वेबपीच्या लॉसी, म्हणजे थोडी माहिती गाळून दाबणाऱ्या, प्रकारात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र दर चार पिक्सेलमागे एक. एरवी डोळ्याला कळत नाही. पण पदरावरच्या मोरात तांबड्याला हिरवा भिडतो, आणि झूम केलं की त्या कडा एकमेकींत पाझरलेल्या दिसत होत्या. नारळी काठाच्या टोकांनाही तेच. शार्पमध्ये ‘स्मार्ट सबसॅम्पल’ हा पर्याय आहे, त्याने बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. जेपीईजीत आणि एव्हीआयएफ या आणखी नव्या प्रकारात रंगाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवता येते, वेबपीच्या लॉसीत ती सोयच नाही.

म्हणून झूमच्या फोटोंसाठी एव्हीआयएफ. हा एव्ही१ व्हिडिओतून निघालेला, २०१९ चा प्रकार. क्रोमने २०२० मध्ये, फायरफॉक्सने २०२१ मध्ये, सफारीने २०२२ मध्ये घेतला. फाइल वेबपीहूनही लहान होते, मात्र तयार व्हायला वेळ लागतो, लॅपटॉपचा पंखा घोंघावतो. आणि दर्जा फार खाली नेला तर रेशमाचा पोत पुसून साडी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथसारखी दिसते. एक लक्षात ठेवा, जेपीईजीचा ७५, वेबपीचा ७५ आणि एव्हीआयएफचा ७५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डोळ्यांनी पाहूनच ठरवावं लागतं. माझा वेबपी ८० वर थांबला, एव्हीआयएफ ६०च्या आसपास. १२०० रुंदीचा फोटो आता वेबपीत दोनशे केबीच्या आत बसतो.

पानात ‘पिक्चर’ टॅग लावला: आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीईजी. ब्राउझरला यातला जो पहिला कळतो तो तो घेतो. जेपीईजीचे जुने पत्ते तसेच ठेवले, कारण ते पत्ते कुठल्या कुठल्या ग्रुपांवर फिरत असतात. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहिली, म्हणजे फोटो येताना पान उड्या मारत नाही. खालचे फोटो लेझी ठेवले, म्हणजे पान सरकवत तिथवर गेलं की मगच उतरणारे. सगळ्यात वरचा नाही, तो तर पहिल्यांदा यायला हवा.

होस्टिंगवर एक अडचण आली. एव्हीआयएफचा पत्ता थेट उघडला की चित्र दिसण्याऐवजी फाइल डाउनलोड व्हायची. सर्व्हरला तो प्रकार माहीतच नव्हता. एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातल्यावर मिटलं.

लिंक पाठवल्यावर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जे छोटं चित्र दिसतं ते मात्र मी जेपीईजीच ठेवलं आहे. तिथे नवेपणाची हौस नको. शिवाय बायका फोटो सेव्ह करून बहिणीला, जावेला पाठवतात, आणि फोनच्या गॅलरीत वेबपी कधी नीट दिसतो, कधी नाही. त्यासाठी प्रत्येक साडीखाली ‘फोटो घ्या’ असं बटण दिलं आहे, त्यातून साधा जेपीईजी उतरतो, कोपऱ्यात साडीचा नंबर लिहिलेला. काकांना सगळ्या कामात हेच जास्त आवडलं, कारण आता फोनवर “ती मोरवाली” असं कोणी म्हणत नाही, नंबर सांगतात.