आमची वाटचाल : दुसऱ्यांदा चालवलं तर काय होईल?

कंपनी सुरू केली तेव्हा आम्ही दोघे भागीदार होतो आणि सांभाळायला ११ सर्व्हर होते. ज्या संस्थांकडे स्वतःचा सिस्टिम ॲडमिन नाही, त्यांचे सर्व्हर उभे करून द्यायचे, अपडेट करत राहायचं आणि बिघाड झाला की रात्री-अपरात्री उठून बघायचं, एवढं आमचं काम. नवीन सर्व्हरसाठी एक वही होती. तिच्यात ४७ पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या. टाइमझोन लावा, रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं, थेट लॉगिन बंद करा, फायरवॉलचे नियम घाला, लॉग म्हणजे नोंदींच्या फाइली फिरत्या ठेवा. पायरी झाली की पेन्सिलीने खूण करायची.

ती वही आम्ही मनापासून जपली. पण सर्व्हर ज्या दिवशी उभा राहिला, त्या दिवसापुरतंच ती खरं सांगायची. पुढच्या सहा महिन्यांत त्याच्यावर काय काय झालं, कुणी घाईत मेमरीची मर्यादा वाढवली, कुणी तात्पुरता म्हणून पोर्ट (नेटवर्कवरून आत यायची वाट) उघडला आणि तो तसाच राहिला, हे करणाऱ्याच्या डोक्यातच राहायचं. एकाच वहीवरून उभे केलेले दोन सर्व्हर वर्षभरात एकमेकांना ओळख देईनासे व्हायचे. या धंद्यात याला ड्रिफ्ट म्हणतात. आम्हाला तेव्हा तो शब्दही माहीत नव्हता.

पहिला धक्का सर्टिफिकेटने, म्हणजे साइट खरी असल्याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या फाइलने, दिला. एका ग्राहकाचे चार वेब सर्व्हर लोड बॅलन्सरच्या, म्हणजे येणारी मागणी सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या, मागे होते. सर्टिफिकेटची मुदत संपायच्या आत चारही ठिकाणी नवीन फाइल ठेवली, तीन ठिकाणी वेब सर्व्हर रीलोड केला, चौथ्या ठिकाणी राहून गेला. फाइल नवी होती, पण चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनंच सर्टिफिकेट होतं. मुदत संपली त्या सकाळी ग्राहकाचा फोन आला, "साहेब, कधी इशारा येतो, कधी येत नाही." आम्ही उघडून बघावं तर साइट व्यवस्थित. फाइल तपासावी तर चारही सारख्या. प्रत्येक सर्व्हरच्या पत्त्यावर थेट जाऊन सर्टिफिकेटची तारीख बघायचं सुचेपर्यंत अर्धा दिवस गेला होता. पूर्ण बंद पडलेलं यंत्र पटकन सापडतं. चारातलं एक चुकलेलं असेल तर ते लपून राहतं, आणि लोकांना वाटतं त्यांच्याच इंटरनेटला काहीतरी झालंय.

मग स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या फाइली, आल्या. सर्व्हरची नावं एका फाइलमध्ये लिहायची, ती ओळीओळीने वाचणारा लूप करायचा आणि प्रत्येक नावावर एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या प्रोग्रॅमने, आज्ञा पाठवायची. पहिल्याच दिवशी लूप पहिला सर्व्हर करून मुकाट्याने थांबला. एरर नाही, काही नाही. कारण कळायला संध्याकाळ झाली. लूप ज्या प्रवाहातून नावं वाचत होता, तोच प्रवाह एसएसएचलाही इनपुट म्हणून मिळत होता. पहिल्या जोडणीतच एसएसएचने उरलेली सगळी यादी वाचून टाकली आणि लूपला पुढचं नाव उरलंच नाही. एसएसएचला इनपुट वाचू नकोस असं सांगणारा 'एन' पर्याय लावला आणि यादी पुरी झाली. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे टर्मिनलवर करून दाखवतो. मशीनने तक्रार केली नाही म्हणजे काम झालं, ही समजूत याने जितकी लवकर सुटते तितकी दुसऱ्या कशाने सुटत नाही.

एसएसएच हा आमच्या सगळ्या कामाचा पाया आहे. टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तो लिहिला, तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं आणि आज जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तेच असतं. त्या माणसांचे उपकार मी मनातल्या मनात नेहमी मानतो.

आमचं खरं वळण मात्र एप्रिल २०१४ चं. ७ तारखेला हार्टब्लीड जाहीर झालं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये असं छिद्र होतं की बाहेरचा माणूस सर्व्हरची मेमरी तुकड्यातुकड्यांनी वाचू शकत होता, आणि त्या मेमरीत सर्टिफिकेटची गुप्त किल्ली, म्हणजे खासगी कीसुद्धा सापडू शकत होती. तोवर आमच्याकडे ३४ सर्व्हर झाले होते. पहिला प्रश्न सोपा वाटला: कुठल्या मशीनवर कुठली आवृत्ती? आम्ही एकेका ठिकाणी लॉगिन करून विचारू लागलो. बऱ्याच मशीनवर १.०.१ई असं उत्तर आलं आणि पॅच (दुरुस्ती) घातल्यावरही तेच उत्तर येत राहिलं. लिनक्सची वितरणं दुरुस्ती मागच्या आवृत्तीत आणून बसवतात, आवृत्तीचं अक्षर बदलत नाहीत. मग पॅकेजचा पुढचा क्रमांक बघा, बिल्डची तारीख बघा. शिवाय नुसतं पॅकेज बदलून भागत नाही. जुनी लायब्ररी मेमरीत धरून बसलेली प्रत्येक सेवा रीस्टार्ट करावी लागते. वेब सर्व्हर आम्हाला आठवला, मेलचा सर्व्हर दोन ठिकाणी राहिला. त्यानंतर नव्या की, नवी सर्टिफिकेटं, जुनी रद्द. तीन दिवस आम्ही चौघं आळीपाळीने झोपलो. तिसऱ्या रात्री भागीदाराने विचारलं, "सगळे झाले, हे तू लिहून देशील?" मी लिहून देऊ शकलो नाही.

त्याच आठवड्यात आमच्या स्क्रिप्ट वाचताना एका नवीन मुलीने विचारलं, "सर, ही दुसऱ्यांदा चालवली तर काय होईल?" स्क्रिप्ट एका कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटी एक ओळ जोडत होती. दुसऱ्यांदा चालवली तर ती ओळ दोनदा येणार, तिसऱ्यांदा तीनदा. म्हणजे मध्येच नेटवर्क तुटलं तर ती पुन्हा चालवायला आम्ही कचरणार, आणि कुठपर्यंत झालं हे हाताने तपासत बसणार. तिने एका वाक्यात आमच्या सगळ्या पद्धतीची दुखरी नस पकडली होती. गणितात या गुणाला आयडेम्पोटंट म्हणतात. कितीही वेळा केलं तरी निकाल पहिल्या वेळेसारखाच राहायला हवा.

या प्रश्नाचं उत्तर जगाने आधीच शोधून ठेवलं होतं. मार्क बर्जेस यांनी ओस्लोमध्ये १९९३ मध्येच सीएफइंजिन हे सर्व्हरांची मांडणी सांभाळणारं साधन लिहिलं. २००५ मध्ये लूक कॅनीज यांचं पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट, २०१२ मध्ये मायकल डिहान यांचं ॲन्सिबल. या सगळ्यांचा गाभा एकच: सर्व्हरला काय कर ते सांगू नका, काय असायला हवं ते लिहा. 'ही ओळ जोड' असं नाही, तर 'या फाइलमध्ये ही ओळ असली पाहिजे'. असेल तर साधन हात लावत नाही, नसेल तर घालतं आणि बदल केल्याचं सांगतं. आम्ही ॲन्सिबल घेतलं. त्याला प्रत्येक सर्व्हरवर वेगळा एजंट लागत नाही, एसएसएच आणि बहुतेक कामांना पायथन असलं की पुरतं. ग्राहकाच्या मशीनवर कायमचा एक प्रोग्रॅम बसवायची परवानगी मागण्यापेक्षा हे आम्हाला सरळ वाटलं.

वहीतल्या ४७ पायऱ्या प्लेबुकमध्ये, म्हणजे ॲन्सिबलच्या सूचनांच्या फाइलीत, उतरवायला पाच महिने लागले. लिहिणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते प्रत्येक पायरीला 'का' विचारणं. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एका सेटिंगचं कारण कुणालाच सांगता येईना. ते कुठल्या तरी एका जुन्या मशीनसाठी केलेलं होतं आणि वहीतून सगळीकडे पसरलं होतं. आम्ही ते काढलं.

२४ सप्टेंबर २०१४ ला शेलशॉक जाहीर झालं. बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली चूक, म्हणजे प्रत्येक मशीन. एका आज्ञेत सगळीकडचा पॅकेज क्रमांक समोर आला, आधी एका मशीनवर पॅच, मग सगळ्यांवर. पहिला पॅच अपुरा निघाला आणि लगेच दुसरा आला. एप्रिलसारखी परिस्थिती असती तर ती बातमी ऐकूनच आम्ही खचलो असतो. आता तेच प्लेबुक पुन्हा चालवलं. त्या रात्री ग्राहकांना यादी पाठवली: मशीनचं नाव, पॅकेजचा क्रमांक, वेळ. एप्रिलमध्ये जे लिहून देता आलं नव्हतं ते हेच.

पण साधन आलं म्हणजे चुका गेल्या असं नाही, त्या मोठ्या झाल्या. फाइलच्या परवानगीचा आकडा कुणीतरी अवतरणचिन्हांशिवाय आणि पुढच्या शून्याशिवाय नुसता ६४४ लिहिला. परवानगीचा आकडा अष्टमान, म्हणजे आठच्या पायाचा असतो, पण साधनाने तो दशमान धरला. दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४. मालकाला फक्त लिहिता येईल, गटाला काहीच नाही आणि परक्याला वाचता येईल, अशी विचित्र परवानगी लागली. एक सेवा आपलीच फाइल वाचू शकेना. हाताने केलं असतं तर हे एका मशीनवर झालं असतं.

त्याहून मोठं प्रकरण मी आजही नव्या ग्राहकाला स्वतःहून सांगतो. कोणकोणत्या खात्यांना लॉगिन करता येईल याची यादी एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्ये घालायची होती. यादीत माणसांची खाती होती. साधन स्वतः ज्या खात्याने लॉगिन करतं ते राहिलं, आणि माणसांची नावं एका जुन्या पद्धतीने लिहिली गेली होती, ती खात्यांशी जुळत नव्हती. फाइलची रचना बिनचूक, त्यामुळे तपासणी पास. ६३ मशीनवर एकाच वेळी चालवलं. शेवटच्या आढाव्यात एकही लाल ओळ नाही. ॲन्सिबल एकदा उघडलेली जोडणी काही काळ तशीच धरून ठेवतं आणि एसएसएच रीलोड झालं तरी चालू जोडण्या तुटत नाहीत, म्हणून साधनाला सगळं आलबेल दिसत होतं. मिनिटभराने जोडण्या मिटल्या आणि आम्ही ६३ दारांबाहेर उभे. साइट चालू होत्या, ग्राहकांना काही जाणवलं नाही, पण होस्टिंगच्या कन्सोलमधून एकेक मशीन उघडून ती ओळ सुधारता सुधारता दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

त्यानंतर जे नियम केले ते आजवर मोडलेले नाहीत. कुठलाही बदल आधी एका मशीनवर, मग दहा टक्क्यांवर, मग उरलेल्यांवर, आणि एकही चुकलं तर गाडी तिथेच थांबते. लॉगिनला हात लागला असेल तर जुनी जोडणी तोडून नव्याने आत जाता येतं का, हे प्लेबुक स्वतःच बघतं. शिवाय एक माणूस दुसऱ्या खिडकीत उघडं सेशन धरून बसतो. डिस्क किती भरली, कर्नल कुठला, अशी नुसतं वाचणारी आज्ञा कुणीही सगळीकडे पाठवावी. बदल करणारी आज्ञा टर्मिनलवरून पाठवायची नाहीच. ती गिटमधल्या, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या, फाइलमध्ये लिहायची, दुसऱ्याने वाचायची आणि मगच चालवायची.

यावर एका ग्राहकाने विचारलं होतं, एवढी शिस्त कशाला, हुशार माणसं हाताने करतातच की. मी त्यांना नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर दलाली करणारी कंपनी. नवीन प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता, सातांवर चढला, आठव्यावर राहिला. बाजार उघडल्यावर त्या आठव्यावरचा जुना, कधीचा निवृत्त केलेला भाग जागा झाला आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. आमच्या चौथ्या वेब सर्व्हरची आणि त्या आठव्या सर्व्हरची जात एकच आहे.

ज्या मशीनवरून आम्ही ही सगळी सूत्रं हलवतो त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तिथून सगळीकडे रूटची सत्ता पोचते. २०२० मध्ये सॉल्टच्या मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना आज्ञा देणाऱ्या मुख्य सर्व्हरमध्ये, ओळख न पटवता आज्ञा चालवता येईल असं छिद्र सापडलं. ज्यांचे मास्टर थेट इंटरनेटवर उघडे होते त्यांच्यावर हल्ले झाले. आम्ही सॉल्ट वापरत नव्हतो, तरी त्या आठवड्यात आमचं नियंत्रणाचं मशीन व्हीपीएनच्या आत नेलं, त्यावरची खाती तीनवर आणली आणि प्लेबुकमधले सगळे पासवर्ड व्हॉल्टमध्ये (ॲन्सिबलच्या कूटबद्ध तिजोरीत) कुलूपबंद आहेत ना, हे पुन्हा एकेक करून पाहिलं.

आता आम्ही नऊजण आहोत आणि सर्व्हर दोनशेच्या वर. दर महिन्याला एक सर्व्हर निवडतो, त्याच्या जोडीला कोरं मशीन घेतो आणि फक्त गिटमधल्या फाइली व बॅकअप यांच्या जोरावर तो पुन्हा उभा करतो. हात लावायचा नाही, अडेल तिथे नोंद करायची. 'दुसऱ्यांदा चालवली तर' असं विचारणारी ती मुलगी आता हे काम सांभाळते. गेल्या खेपेला नवा सर्व्हर वीस मिनिटांत उभा राहिला, सगळ्या सेवा सुरू झाल्या, पण रात्रीचा बॅकअप गेला नाही. बॅकअप जिथे जातो तिथली की तीन वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने ठेवली होती आणि ती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. तिने ती त्याच दिवशी व्हॉल्टमध्ये घातली, प्लेबुक दोनदा चालवलं आणि दुसऱ्या फेरीत 'बदल: शून्य' आल्यावरच नोंद बंद केली. पुढच्या महिन्यात मेलच्या सर्व्हरची पाळी आहे.