चिंचेरोला मुक्काम करा

पेरूला जायचं ठरलं की सगळं नियोजन माचू पिचूभोवती फिरतं, आणि ते साहजिकच आहे. कुस्को शहरातून निघणाऱ्या दिवसभराच्या सहलींमध्ये चिंचेरो या डोंगरी गावाच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तास येतो. बस थांबते, लोक लोकरीची दुकानं बघतात, दम खात चर्चपर्यंत चढतात, फोटो काढतात आणि मोरायच्या इंका अवशेषांकडे निघून जातात. आम्ही इथे मुद्दाम राहिलो. संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जवळचं वाटलेलं गाव हेच. तुमच्या आखणीत एक रात्र जरी शिल्लक असेल तरी ती चिंचेरोला द्या, हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

गाव कुस्कोपासून साधारण तीस किलोमीटरवर, उरुबांबाच्या रस्त्यावर आहे. उंची जवळपास 3,760 मीटर, म्हणजे कुस्कोहूनही साडेतीनशे मीटर वर आणि आपल्या लेहपेक्षा उंच. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. विमानातून कुस्कोला उतरल्यावर थेट इथे राहायला येऊ नका. आधी खाली उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला जा. ही गावं 2,800 मीटरच्या आसपास आहेत, तिथे शरीर रुळतं. माचू पिचू करून परतताना चिंचेरोला थांबलात तर उंचीचा त्रास बराच कमी होतो. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या, उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने. इथे सगळीकडे कोकाच्या पानांचा चहा देतात. तो तिथेच प्या, पानं सामानात घालून आणू नका. भारतात आणि अमेरिकेतही ती बेकायदा आहेत. कोका नको असेल तर मुन्या मागा. पुदिन्यासारख्या वासाची ही डोंगरी वनस्पती पोटाला बरी वाटते.

तुपाक इंका युपांकी हा इंका सम्राट पाचाकुतीचा मुलगा. इंका साम्राज्य दूरदूर पसरवणाऱ्या या राजाने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःसाठी चिंचेरोला वाडे, देवस्थानं आणि शेतं उभारली. पुढे स्पॅनिश सैन्यापासून माघार घेताना मांको इंका या राजाने शत्रूच्या हाती रसद लागू नये म्हणून हे ठिकाण जाळलं, असं सांगतात. त्यानंतर वाड्यांच्या जोत्यांवरच चर्च आणि घरं उभी राहिली. आज वरच्या गल्ल्यांतून चालताना हे उघड दिसतं: खाली घासून-पुसून बसवलेले इंका दगड आणि त्यावर मातीच्या विटांची, चुन्याने रंगवलेली भिंत. त्या घरांत माणसं राहतात, दारात मक्याची कणसं वाळत असतात. कुंपण घालून जपलेला अवशेष आणि रोजच्या वापरातलं घर यांच्यात इथे रेघ ओढता येत नाही, आणि मला या गावाचं मोल त्यातच वाटतं.

चौकातली इंका भिंत मात्र सावकाश बघा. वर निमुळते होत जाणारे मोठमोठे कोनाडे ओळीने आहेत आणि दगडांच्या सांध्यांत चुना नावालाही नाही. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की प्रत्येक दगडाचा किंचित फुगीर पृष्ठभाग वेगळा उठून दिसतो.

समोरचं मोंसेरात मातेचं, म्हणजे मेरीमातेच्या एका रूपाचं, चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. बाहेरून साधं, आत मात्र छतापर्यंत रंगवलेलं. फ्रान्सिस्को चिवान्तितो या स्थानिक चित्रकाराचं 1693 सालचं मोंसेरात मातेचं चित्र इथेच आहे, ते चुकवू नका. दाराबाहेरच्या भित्तिचित्रात प्यूमा, म्हणजे तिथला डोंगरी सिंह, सापाला नमवतो आहे. तो प्यूमा म्हणजे चिंचेरोचा सरदार मातेओ पुमाकावा, आणि साप म्हणजे स्पॅनिश सत्तेविरुद्ध 1780 मध्ये उठलेला दुसरा तुपाक अमारू. पुमाकावाने तेव्हा स्पॅनिशांची बाजू घेतली होती. मात्र 1814 मध्ये तो स्वतःच बंडात उतरला आणि 1815 मध्ये त्याला देहदंड झाला. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाविरुद्ध तलवार उचलल्याचं चित्र देवळाच्या दारावर! मी तिथे बराच वेळ उभी होते. चर्चमध्ये फोटो काढायला बंदी आहे, ती पाळा.

चर्चच्या मागून उतरलं की मजग्यांची, म्हणजे उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांची, लांबच लांब रांग लागते. पुढे पायवाटेवर कोरलेले खडक आहेत. अखंड दगडात पायऱ्या, बैठका, पाण्याच्या वाटा. सहलीच्या बस इथपर्यंत वेळ देत नाहीत, म्हणून सकाळी आठच्या सुमारास आम्हाला तिथे एक मेंढपाळ बाई सोडून कोणीच भेटलं नाही. हवा स्वच्छ असेल तर समोर हिमशिखरं दिसतात.

आता विणकाम. चिंचेरो त्यासाठी ओळखलं जातं. कुस्कोच्या पारंपरिक वस्त्रकेंद्राची 1996 मध्ये स्थापना करणाऱ्या निल्दा कायान्याउपा याच गावच्या. आम्ही मुख्य रस्त्यावरचं मोठं दुकान सोडून आतल्या गल्लीतल्या एका घरी गेलो. तिथल्या आजींनी लोकर रंगवायला वापरतात ते निवडुंगावरचे वाळलेले कोचिनील किडे तळहातावर घेतले. राखाडी, ज्वारीच्या दाण्याहून लहान. अंगठ्याने चिरडताच तळवा गडद लाल झाला. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर लाल उजळून शेंदरी झाला. मग कमरेला माग बांधून, लामा या तिथल्या लोकरी जनावराच्या हाडाच्या टोकदार तुकड्याने धागे ठोकत त्यांनी बोटभर पट्टा विणला आणि आमच्याशी बोलणंही थांबवलं नाही. नक्षी कुठे लिहिलेली नसते, सगळी डोक्यात.

घेताना कडा बघा. कमरेच्या मागावर विणलेल्या अस्सल कापडाच्या चारही कडा विणूनच पूर्ण झालेल्या असतात, कुठे कापून शिवलेलं नसतं. कृत्रिम धाग्याचा, यंत्रावरचा मालही शेजारीच टांगलेला असतो आणि रंग त्याचेच जास्त भडक. एका चांगल्या शालीमागे कित्येक आठवड्यांचं काम असतं, तेव्हा घासाघीस बेताची करा. परवडत नसेल तर छोटा पट्टा घ्या, पण हातचा घ्या.

रविवार गाठता आला तर उत्तम. त्या दिवशी बाजार भरतो आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून बटाटे, मका, शेंगा घेऊन लोक उतरतात. गोठवून वाळवलेले पांढरे बटाटे नक्की बघा. रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन वापरून केलेलं हे वाळवण वर्षानुवर्षं टिकतं.

शाकाहारी मंडळींनी एवढंच लक्षात ठेवावं की किनोआच्या सुपाचं पाणीही बहुतेक वेळा कोंबडीचं असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो’ (मांस नको, कोंबडी नको, कोंबडीचं पाणीही नको) असं स्पष्ट सांगावं लागतं. उकडलेला मका आणि चीज मात्र कुठेही मिळतं आणि पोटभर होतं. घराच्या कोपऱ्यात गिनीपिग धावताना दिसले तर ते जेवणासाठी पाळलेले असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पोहोचायला कुस्कोच्या पावितोस गल्लीतून उरुबांबाकडे जाणाऱ्या सामायिक गाड्या मिळतात, तासाभरात सोडतात. अवशेषांसाठी कुस्कोचं पर्यटन तिकीट लागतं. आम्ही गेलो तेव्हा दहा दिवसांचं 130 सोल (पेरूचं चलन) आणि चिंचेरो, मोराय, पिसाक, ओयांतायतांबो एवढ्यांचं दोन दिवसांचं 70 सोल होतं. सुटे पैसे जवळ असू द्या. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम, पण जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो आणि घरांत शेगडी नसते. गरम अंतर्वस्त्रं आणि कानटोपी हवीच. भारतीय पारपत्रावर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल तर पेरूच्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो; तरी निघण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करा.

आणि जायचं असेल तर फार लांबवू नका. गावाशेजारच्या माळावर नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं काम सुरू आहे. इतिहासतज्ज्ञांनी त्याला विरोध केला, तर गावातल्या अनेकांना त्यातून रोजगाराची आशा आहे. आमच्या यजमानांच्या घरातच यावर दोन मतं होती. मला स्वतःला या भिंतींवरून विमानं जाण्याची कल्पना सोसत नाही.

परतताना गाडी न धरता खालच्या उर्किल्योस गावापर्यंत जुन्या वाटेने चालत उतरा. तीन-चार तास लागतात, सगळा उतार आहे, त्यामुळे गुडघ्यांसाठी काठी घ्या आणि पाणी गावातूनच भरून न्या. खाली उतरलात की उरुबांबाला जाणारी गाडी मिळते.